सरोजाक्का वाचून दाखवतात

सरोजाक्कांना ‘वगैरे’ चालत नसे. बोलण्यात नाही आणि कागदात तर मुळीच नाही. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, “पेशंटचं नाव, वय, फोन वगैरे घ्यायचं,” की त्या पेन खाली ठेवत आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत.

“वगैरेमध्ये काय आहे? उघडून दाखव की.”

समोरचा गडबडून जाई. बहुतेक वेळा वगैरेमध्ये काहीच नसे, नुसती वाक्य संपवण्याची घाई असे. पण कधीकधी नेमकी महत्त्वाची गोष्ट त्यात लपलेली निघे. रक्तगट असाच एकदा वगैरेमधून बाहेर आला होता. त्या दिवशी अक्कांनी टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे सावकाश, एकेकाकडे पाहिलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या कंपनीत सरोजाक्का रिक्वायरमेंट लिहायच्या. सॉफ्टवेअर बांधायला घेण्याआधी ते कशासाठी हवंय, कोण वापरणार, त्याने काय काय करायचं आणि ते किती नीट करायचं, हे कुणीतरी बसून लिहून काढावं लागतं. ते काम त्यांचं. लिहिलंय तसंच झालंय का हे तपासायचं काम माझं. बाकी कंपनी पंचविशीतल्या पोरांची. “आपण अजाइल आहोत” असं जो तो छाती काढून म्हणे. त्याचा आमच्याकडचा अर्थ एवढाच होता, की लिहायचा कंटाळा. या सगळ्यांत पन्नाशी उलटलेल्या सरोजाक्का सुती साडी, पायात पळायचे बूट आणि केसांत अबोलीचा गजरा अशा थाटात यायच्या. अबोलीला त्या कनकांबर म्हणत. रिसेप्शनवरच्या मुलीपासून कंपनीच्या मालकापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्याही मालकाला अरे-तुरे करायच्या, आणि रिक्षावाल्याला मात्र न चुकता अण्णा.

त्या इथल्याच. माझ्यासारख्या नोकरीसाठी नाशिकहून बॅग घेऊन उतरलेल्या नव्हेत; जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत आलेल्या घराण्यातल्या. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. ‘येते म्हणून सांगितलेली की’, ‘स्वल्प सरक’, ‘सरी, पुढं वाच’; सरी म्हणजे बरं. आमचा प्रॉडक्ट हेड निखिल पुण्याचा. त्याला तर ते ऐकून भारीच मौज वाटे. एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, “अक्का, तुमचं मराठी सो क्यूट आहे!”

अक्कांनी पोळीचा घास नीट चावून गिळला. मग म्हणाल्या, “आमची माणसं इकडं आली ना निखिल, तेव्हा तुमच्या पुण्यावर गाढवाचा नांगर फिरलेला होता. तेव्हापासून हेच बोलतोय आम्ही. क्यूट तर क्यूट.”

निखिलने पुन्हा तो विषय काढला नाही. मला मात्र त्या दिवसापासून ते मराठी आवडायला लागलं.

त्यांच्या वडिलांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. नवीन मुलंमुली कंपनीत लागली की अक्का त्यांना प्रेझेंटेशन दाखवत नसत, त्या दुकानाची गोष्ट सांगत. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, चांगली साडी दाखवा. त्यांचे वडील एक घडी उलगडायचे नाहीत. आधी विचारायचे, कशासाठी? लग्न आहे. कुणाचं, तुमच्या घरचं की देण्याघेण्यातलं? नेसणार कोण? आत्या. आत्यांचं वय काय, नऊवारी नेसतात का, धुणार घरी की लाँड्रीत? इतकं झाल्यावर तीन साड्या काढायचे, आणि त्यातली एक जायचीच.

“लग्न आहे, ही झाली धंद्याची गरज. का पाहिजे ते,” अक्का सांगत. “आत्याला चालायला पाहिजे, ही वापरणाऱ्याची. नऊवारी, ब्लाउजपीस आतच, हे साडीनं काय करायचं ते. आणि रंग जायला नको, हे चौथं. ते गिऱ्हाईक कधीच सांगत नाही. साडी परत घेऊन येतो ना, तेव्हा सांगतो!”

इंग्रजीत या चारांना मोठमोठी नावं आहेत आणि त्यांवर जाडजूड पुस्तकं आहेत. ती मी वाचली आहेत. त्या दुकानापलीकडचं त्यात फारसं काही नाही, हे मी कुणाशीही पैजेवर सांगायला तयार आहे.

चौथ्या प्रकारावर त्यांचा विशेष राग होता, कारण तिथेच लोक थापा मारतात. ‘स्क्रीन फास्ट उघडली पाहिजे’ असं एकाने लिहून आणलं. अक्का म्हणाल्या, “फास्ट म्हणजे? तुझ्या फोनवर की माझ्या? ही मंजिरी तपासणार कसं, धावत धावत?” ‘वापरायला सोपं’ हे शब्द तर त्या लाल पेनने असे खोडत की मागच्या पानावर वळ उठे. जे तपासता येत नाही ती इच्छा, रिक्वायरमेंट नव्हे, असं त्यांचं म्हणणं. “इच्छा देवळात जाऊन सांग. इथं लिहू नको.”

आता त्यांच्या दोन खोडींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यांवरूनच घडलं.

पहिली खोड अशी, की त्यांच्या कागदात प्रत्येक रिक्वायरमेंटच्या शेजारी माणसाचं नाव असे. ‘बिझनेस’, ‘युजर’, ‘मार्केट’ असलं काही चालत नसे. हाडामांसाच्या माणसाचं नाव, ज्याने ते मागितलं त्याचं. दुसरी खोड याहून अवघड. कागदावर सही करण्याआधी त्या तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापुढे जाऊन, त्यांच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवत. कन्नड, तमिळ, दखनी, जे लागेल ते. नुसतं वाचून थांबत नसत. मग विचारत, काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा. मुलं याला सत्यनारायणाची पोथी म्हणत. कुणी विचारलंच, की ईमेल पाठवून चालणार नाही का, तर अक्का म्हणत, “ईमेलला मान हलवता येते का रे?”

आम्ही तेव्हा डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशी माणसं आठवड्यातून दोनतीनदा येतात आणि चारचार तास यंत्राला जोडलेली बसतात. कोण कधी येणार, कुठल्या खुर्चीवर बसणार, हे सगळं आमच्या ॲपवर यायचं होतं. निखिलच्या मनात आलं, हे लोक चार तास रिकामेच बसतात, तर त्यांच्याकडून फोनवर एक फॉर्म भरून घेऊ. सुंदर रंगीत फॉर्म तयारसुद्धा झाला.

अक्का इंदिरानगरच्या मागच्या गल्लीतल्या केंद्रात गेल्या आणि सकाळभर एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. परत आल्या त्या चप्पल फेकून मारल्यासारखं बोलल्या. “एक हात हलवायचा नाही त्यांनी. सुया आहेत आत. तुझा फॉर्म फोन धरायला एक हात मागतो आणि लिहायला दुसरा. तिसरा कुठून आणायचा?”

दुसऱ्या दिवशी कागदात ओळ आली: डायलिसिस चालू असताना उघडणारी प्रत्येक स्क्रीन एकाच हाताने, उजव्या किंवा डाव्या कुठल्याही, वापरता आली पाहिजे. मागणी: मुनियप्पा, होसकोटे.

हे मुनियप्पा होसकोट्याच्या बाजारात केळीची पानं विकायचे. दोन बस बदलून यायचे. बोलायचे फार कमी, पण फोन एका हाताने कसा निसटतो हे त्यांनी अक्कांना करून दाखवलं होतं. आपलं नाव कागदात छापलंय म्हटल्यावर त्यांनी तो कागद मागून घेतला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या फातिमाबाईंना दाखवला. फातिमाबाई निवृत्त शाळामास्तरीण. त्यांनी त्यातली इंग्रजी चूक काढली. अक्कांनी ती तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि फातिमाबाईंचंही नाव घातलं.

आणि मग ती ओळ आली.

केंद्र चालवणाऱ्या कंपनीकडून आली होती, निखिलमार्फत. नेमलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पेशंटने ॲपवर हजेरी लावली नाही, तर त्याची पाळी आपोआप रद्द. खुर्ची पुढच्या पाळीतल्या माणसाला देऊ करायची. रद्द झालेल्याला दिवसाच्या शेवटी जागा उरली तर मिळेल.

अक्कांनी ओळ वाचली. “नाव कुणाचं घालू?”

“क्लायंटचं,” निखिल म्हणाला.

“क्लायंटला आई आहे? शेजारीपाजारी आहेत? नाव सांग.”

“अक्का, प्लीज. हे बघा, खुर्ची रिकामी राहिली तर वेटिंगवरचा कुणीतरी उगाच ताटकळतो. इट्स ॲक्च्युअली फेअर.”

निखिल काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या बोलण्यात तथ्यही होतं, आणि ते अक्कांनी मानलंसुद्धा. “असेल फेअर. मग ज्याला फेअर वाटतं त्यानं नाव द्यावं. लाजायचं कशाला?”

क्लायंटबरोबरच्या कॉलवर त्यांनी हाच प्रश्न विचारला. पलीकडे पाचसहा माणसं होती, सगळी भरपूर बोलणारी. नाव द्यायला मात्र एकही तयार नव्हता. एकजण म्हणाला, मॅनेजमेंटचं डिसिजन आहे. अक्कांनी विचारलं, “मॅनेजमेंट म्हणजे आपणच का?” तो म्हणाला, नाही नाही, मी फक्त कळवतोय. दुसराही फक्त कळवत होता. तिसऱ्याचं नेटवर्क गेलं. मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. एका ओळीने इतकी माणसं तोंड लपवतात, ती ओळ कशी असेल?

शेवटी निखिलच वैतागला. “माझं लिहा! माझं नाव लिहा आणि संपवा.”

“सरी,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी खरंच लिहिलं. “मग आता वाचून दाखवायचं तू.”

मला वाटलं होतं, निखिल नाही म्हणेल. पण तोही हट्टाचा. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं केंद्रात गेलो. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या निखिलने खुर्च्यांच्या मधोमध उभं राहून नियम वाचला, इंग्रजीत आणि मग हिंदीत. स्वच्छ, न अडखळता, हसतमुखाने. आणि माणसांनी माना हलवल्या. मुनियप्पा म्हणाले, “सरी सर.” त्यांच्या पलीकडचे म्हणाले, “सरी.” फातिमाबाईंनी तेवढी मान हलवली नाही. निखिल अक्कांकडे वळला. काय राहिलं आता, असा त्याचा चेहरा होता.

अक्का मुनियप्पांच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बसल्या. कन्नडमध्ये विचारलं, काय कळलं अण्णा? मुनियप्पा म्हणाले, उशीर करू नये असं साहेब सांगतात. बरोबर आहे त्यांचं. अक्कांनी विचारलं, आणि झाला तर? मुनियप्पा हसले. झाला तर थोडं बसावं लागेल बाहेर. अक्कांनी मान हलवली आणि तोच नियम पुन्हा, त्यांच्या भाषेत, एकेक तुकडा करून सांगितला. टिन फॅक्टरीपाशी बस अडकली, पंधरा मिनिटं गेली, तर ही खुर्ची दुसऱ्याची. तुम्ही बाहेर बसायचं. संध्याकाळी जागा उरली तर आत, नाहीतर परत घरी. तसंच, रक्त न धुता.

मुनियप्पांचं हसू गेलं. त्यांनी ज्या हातात सुया नव्हत्या तो हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, जणू कुणी आत्ताच उठवायला आलं होतं. टिन फॅक्टरीच्या चौकात बस अडकली नाही असा दिवस बेंगळुरूत अजून उगवायचा आहे.

बाहेर रस्त्यावर आल्यावर निखिल म्हणाला, “त्यांनी हो म्हटलंय. तुमच्यासमोर. आता सही करा.”

“इस्त्रीच्या शर्टाला हो म्हटलंय त्यांनी. नियमाला नव्हे.”

“अक्का, तुमचं काम लिहायचं आहे. योग्य-अयोग्य ठरवायचं नाही.”

“लिहिलं की मी! तुझ्या नावानिशी लिहिलं. पण सहीचा अर्थ काय, कळलं त्यांना म्हणून मी सांगते. ते कळलेलं नाही. बाकीच्या पाळ्यांना तर अजून ऐकवलेलंसुद्धा नाही. मी सही करणार नाही.”

“मग दुसरं कुणीतरी करेल.”

“करू दे. आधी माझं नाव पुसायला सांग.”

हे सगळं भर रस्त्यात, शहाळीवाल्याच्या गाडीशेजारी चाललं होतं. शहाळीवाला कोयता हातात धरून ऐकत राहिला. दोघं मराठीत भांडत होती तरी त्याला बाजू कळली असावी, कारण त्याने शहाळं अक्कांनाच आधी दिलं.

कागद दुसऱ्या कुणीतरी सही करून पाठवला. अक्कांना प्रोजेक्टवरून काढलं आणि बाकावर बसवलं, म्हणजे पगार चालू पण काम नाही. पुष्कळांना हे सुख वाटतं. अक्कांनी राजीनामा दिला. एचआरची मुलगी निरोपाच्या केकवर काय लिहायचं विचारायला आली तेव्हा म्हणाल्या, “केक बेडा, नको गं. मी काही रिटायर होत नाही, रागावून जातेय. रागावलेल्याला केक देतात का?” आणि दुपारी सगळ्यांचं जेवण चालू असताना, कुणाला उठावं लागू नये म्हणून हात दाखवत निघून गेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी कंपनीवर चिडले होते, निखिलवर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर ‘सरी सर’ म्हणणाऱ्या मुनियप्पांवरसुद्धा चिडले होते.

सॉफ्टवेअर सुरू झालं. थोड्याच दिवसांत तक्रार आली, आणि ती अशी होती की मी दोनदा वाचली. इंदिरानगरच्या केंद्रात ॲप एकाच जागी गरगर फिरतंय. पेशंट उशिरा आला, पाळी रद्द झाली, इथवर ठीक. मग ॲपने पुढच्या माणसाला विचारलं, खुर्ची रिकामी आहे, येता का? त्याने ‘नाही’ दाबलं. त्याच्या पुढच्याला विचारलं. त्यानेही नाही. त्याच्या पुढच्यानेही नाही. यादी संपल्यावर ॲप पुन्हा पहिल्याकडे आलं. सगळ्यांचे फोन वाजतायत, खुर्ची कुणी घेत नाही, आणि हे रोज चाललंय. सगळ्यांनीच नाही म्हटलं तर काय करायचं, हे कागदात कुठेच नव्हतं. एवढ्या सगळ्या हुशार माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं, की मिळणारी खुर्ची माणूस नाकारेल.

निखिल आणि मी तसेच केंद्रात गेलो. आत शिरलो तर पहिल्याच बाकावर पेशंटांमध्ये सरोजाक्का बसलेल्या. तीच सुती साडी, तेच बूट.

निखिल तडक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “तुम्ही इथे काय करताय?”

“वाचून दाखवायचं राहिलेलं,” अक्का म्हणाल्या. “सकाळची पाळी झाली, दुपारची झाली. संध्याकाळचे तमिळवाले दोघं राहिले होते, ते काल संपवले.”

“तुम्ही यांना भडकवलंत.”

“मी फक्त वाचलं. तुझंच वाक्य, तुझ्याच नावानं. एक शब्द वर नाही की खाली नाही. विचार.”

निखिलने फातिमाबाईंकडे पाहिलं. ॲपने आता त्यांना पुढची पाळी दिली होती, तिची वाट बघत त्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवरचा फोन वाजत होता, रिकामी खुर्ची घेता का म्हणून विचारत होता. त्यांनी शाळेत वाह्यात पोराकडे बघावं तसं निखिलकडे पाहिलं.

“मेरे को नक्को उनकी कुर्सी,” त्या म्हणाल्या. “आज मैं बैठी, कल मेरी पे कोई बैठेगा. सबने बोल दिया, नक्को. लिखो तुम्हारे कागज में.”

“पण खुर्ची रिकामी जातेय!” निखिल म्हणाला. त्याचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता. “सगळेच नाही म्हणतील, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत, अक्का?”

“मला कुठं ठाऊक होतं? हे त्यांनी ठरवलं. कळल्यावर ठरवलं.”

निखिल तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. यंत्रं चालू होती. ओळीतली एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर स्वच्छ चादर घालून ठेवलेली होती. नर्स येताजाता घड्याळाकडे बघत होती.

मग दार ढकलून मुनियप्पा आले. घामाने निथळत, एका हातात पिशवी. निखिलला बघून जागीच थबकले. हात जोडले आणि सांगू लागले, टिन फॅक्टरी, सर, बस पुढं सरकेचना, मी उतरून चालत…

“त्याला काय सांगता अण्णा?” अक्का उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवी काढून घेतली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. “जा, बसा. तुमचीच आहे.”

मुनियप्पा बसले. नर्सने त्यांची बाही वर केली. फातिमाबाईंच्या मांडीवरचा फोन वाजत राहिला, आणि तो कुणीच उचलला नाही.